मालवण असो की पणजी, पहिली थाळी बांगड्याची

नाशिकहून मालवण सहाशे किलोमीटरच्या घरात आहे. एवढा प्रवास करून गेलेली मंडळी पहिल्याच जेवणाला पापलेट थाळी मागवतात, आणि बर्फातलं पापलेट तर नाशिकच्या मासळी बाजारातही मिळतं. किनाऱ्यावर जायचं ते तिथे त्या दिवशी निघालेलं खायला. म्हणून हॉटेलांची यादी पाठ करण्यापेक्षा एक सवय लावून घ्या: नव्या ठिकाणी पहिली थाळी बांगड्याची.

सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी यांना भाव असतो, त्यामुळे ती फ्रीझरमध्ये ठेवणं परवडतं, आणि मसाला लावून तळली की बरेच दिवस ठेवलेली तुकडीही ताटात बरी दिसते. बांगड्याचं तसं नाही. तो तेलकट मासा, त्याचं तेल लवकर खवट होतं, पोट लवकर फुटतं. स्वस्त असल्याने साठवण्यात फारसा फायदाही नाही. शिवाय तो डोक्या-शेपटीसकट ताटात येतो, तुकडीसारखं काही लपत नाही. ज्या खानावळीचा बांगडा चांगला, तिची सुरमई संध्याकाळी बिनधास्त मागवा.

बांगडा आला की आधी पोटाकडे बघा. पोटाची कड शाबूत असावी. चिरा दिलेल्या असतात त्या वेगळ्या ओळखू येतात. मग पाठीच्या मधल्या रेषेवर बोटाने दाबून वरचा भाग बाजूला सारा. ताज्या बांगड्याचं मांस पदर सुटत निघतं, ओलसर असतं आणि काट्याला किंचित धरून राहतं. शिळ्याचा लगदा होतो, किंवा तो कोरडा भुसभुशीत लागतो आणि काट्याजवळ तपकिरी ओघळ दिसतो. वरचा भाग खाऊन झाला की शेपटीकडून मधला काटा उचला. ताजा असेल तर तो डोक्यापर्यंत अखंड निघून येतो. पोटाजवळच्या बारीक काट्यांची तेवढी काळजी घ्या.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. बांगडा, कुपा (ट्यूना), सुरमई या जातीचे मासे पकडल्यावर नीट थंड ठेवले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. घास घेतल्यावर मिरी चावल्यासारखी जीभ चुरचुरली, ओठांना मुंग्या आल्या, तर तिथेच थांबा. पुढच्या तासाभरात चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर पित्त उठणं असा त्रास होऊ शकतो. लोक याला ‘मसाला तिखट होता’ किंवा ‘माशाची ॲलर्जी’ म्हणून सोडून देतात. दम लागत असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.

खानावळ निवडताना

मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला या पट्ट्यात जेवायच्या जागा साधारण दोन प्रकारच्या. एक म्हणजे गावातली नावाजलेली हॉटेलं: मालवणात चैतन्य, अतिथी बांबू, सावंतवाडीत भालेकरांची खानावळ. यांच्याकडे खप मोठा, म्हणून मासा पडून राहत नाही. पण सुट्टीत एकच्या पुढे रांग लागते आणि अडीचला हवा तो मासा संपलेला असतो. साडेबाराला जाऊन बसा. नाशिकला रविवारी मिसळीला जसं लवकर उठून जावं लागतं, तसंच.

दुसरा प्रकार घरगुती खानावळ, बहुतेकदा होमस्टेच्याच स्वयंपाकघरातली. चव इथे खरी, पण इथे मेनूकार्ड बघून ऑर्डर देणं चुकीचं. माणसं मोजून मासा आणला जातो. दुपारचं जेवण हवं तर सकाळी नऊ-दहापर्यंत, रात्रीचं हवं तर दुपारी चारपर्यंत सांगा. सांगताना माशाचं नाव धरून बसू नका. ‘काकू, आज ताजा काय आसा?’ एवढं विचारा. उत्तर येईल ते तिथल्या नावांनी: सरंगा म्हणजे पापलेट, इसवण म्हणजे सुरमई, कुर्ल्या म्हणजे खेकडे, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या. कोळंबीला गोव्याच्या बाजूला सुंगटां म्हणतात. आठला जेवायचं सांगून साडेनऊला परतणारे पाहुणे या काकूंना अजिबात आवडत नाहीत, आणि वडे गार झाले की चामड्यासारखे होतात, त्यात त्यांचा दोष नसतो.

‘आमच्याकडे सगळं मिळतं’ म्हणणाऱ्या जागेपासून जरा सावध राहा. किनाऱ्यावर सगळं एका दिवशी येत नाही. तीन-चारच मासे सांगणारी आणि पाचवा मागितला तर ‘आज नाय’ म्हणणारी खानावळ जास्त भरवशाची.

थाळीत काय असावं? तळलेल्या माशाचा नग किंवा तुकडी, वाटीभर कढी म्हणजे माशाचं सार, एखादं सुकं (तिसऱ्या, जवळा किंवा कोळंबी), भाकरी, चपाती किंवा वडे, भात आणि सोलकढी. थाळीचा दर माशावर ठरतो: बांगडा सर्वांत खाली, सुरमई मधे, पापलेट वर. भात-कढी पुन्हा मिळते की नाही हे ठिकाणागणिक बदलतं, आधीच विचारा. काळ्या मसाल्याची सवय असलेल्या नाशिककराला पहिल्या घासाला मालवणी कढी सौम्य वाटेल. ओल्या नारळाचं वाटप आहे, भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं नाही. वरून लाल तिखट मागू नका. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं मिळालं तर ते भाताबरोबर खा. तिरफळाची टरफलं चावायची नाहीत, बाजूला काढायची.

सोलकढी हीसुद्धा खानावळीची परीक्षाच. नारळाचं दूध आणि कोकमाचं आगळ एकत्र केल्यावर रंग फिकट गुलाबी, जरासा जांभळट येतो. भडक गुलाबी, सरबतासारखी पारदर्शक कढी असेल तर नारळ कमी आणि रंग जास्त समजा. उन्हाळ्यात सकाळची कढी दुपारी उशिरापर्यंत बाहेर राहिली तर नारळाचं दूध आंबतं. जिभेवर कोकमाच्या आंबटपणापलीकडे दही फाटल्यासारखी चव आली तर पेला ठेवून द्या.

‘साइजप्रमाणे’ म्हणजे किती?

भांडणं होतात ती इथे. मेनूवर खेकडा, शेवंड (लॉब्स्टर), अख्खं पापलेट यांच्यापुढे आकडा नसतो, ‘साइजप्रमाणे’ असतं. मासा तव्यावर जाण्याआधी तीन प्रश्न विचारा: भाव किलोचा की नगाचा, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि करणावळ, म्हणजे बनवून देण्याचे पैसे, त्यात धरली आहे की वेगळी. डोकं, पोट काढलं की अख्ख्या माशाचं वजन बरंच उतरतं, म्हणून दुसरा प्रश्न महत्त्वाचा. थाळीशिवाय चौघांना वाटून खायला किलो-सव्वा किलोचा एक मासा पुरतो.

कच्चा मासा दाखवा म्हणा. चांगल्या ठिकाणी यात कुणाला राग येत नाही. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून येणारा. पांढुरके, खोल गेलेले डोळे असतील तर ‘आज नको’ म्हणून थाळीकडे वळा. खेकडा जिवंत असावा आणि आकाराच्या मानाने हाताला जड लागावा. अमावास्येच्या आसपास खेकडे भरलेले आणि पौर्णिमेला पोकळ, असं किनाऱ्यावरची माणसं सांगतात आणि त्यानुसारच खरेदी करतात. तिसऱ्यांच्या सुक्यात जी शिंपली शिजूनही उघडली नाही ती उचकटून खाऊ नका.

लहान मुलांना सुरमईची तुकडी द्या, मधला काटा मोठा असल्याने काढायला सोपा. पेडवे, तारली यांत बारीक काटे फार, ते मोठ्यांनीच खावेत.

कधी जाल, यावर ताट ठरतं

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पुन्हा जोमाने बाहेर पडतात. जूनमध्ये कुणी ‘ताजी सुरमई’ म्हणालं तर ती बहुधा बर्फातली. पावसाळ्यात वडे-सागोती खा, गावठी कोंबड्याची. कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा मिळाला तर त्याहून चांगलं काही नाही.

गणेश चतुर्थीला मात्र फसगत होते. तळकोकणात घरोघरी गणपती, त्यामुळे खानावळवाले स्वतःच सणात असतात. पाच-सात दिवस बऱ्याच खानावळी बंद, उघड्या असतील तिथेही शाकाहारी. सोमवारी अनेक घरं मासे खात नाहीत, बाजारही मंद असतो. मुक्काम तीन दिवसांचा असेल तर त्यात सोमवार येणार नाही असं बघा.

सर्वांत चांगला काळ ऑक्टोबर ते डिसेंबरचा मध्य. मासा भरपूर, गर्दी कमी, आणि मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसते. नाताळ ते नववर्ष टाळता आलं तर टाळा. फेब्रुवारी ते एप्रिल ओल्या काजूंचा हंगाम. एप्रिल-मेमध्ये देवगड, रत्नागिरीचा हापूस.

निघण्याच्या वेळेचाही संबंध आहे. पहाटे पाचला नाशिकच्या द्वारका चौकातून गाडी काढली तर कोल्हापूर दीड-दोनला येतं. तिथेच जेवून घ्या. ‘आता मालवणातच जेवू’ म्हणून फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट उपाशी उतरणारे पाच-सहाला पोचतात, तेव्हा दुपारचं संपलेलं असतं आणि रात्रीची चूल पेटलेली नसते. कोल्हापुरातूनच होमस्टेला रात्रीचं जेवण सांगा. मंगला एक्स्प्रेसने नाशिकरोडहून रत्नागिरी, मडगावला जाणाऱ्यांनीही पोचायची वेळ कळवून ठेवावी. गाडीला उशीर झाला तर पुन्हा फोन करावा.

गोव्यात उतरल्यावर

गोव्यात किनाऱ्यावरचा शॅक ही बसायची जागा आहे, जेवायची दुय्यम. संध्याकाळी पाय वाळूत घालून तळलेली माकुलं (स्क्विड) खायला ठीक. शॅक पावसाळ्यात नसतात. पोटभर जेवायचं तर किनारा सोडून गावात या. पणजीत रित्झ क्लासिकची फिश थाळी प्रसिद्ध आहे. दुपारी एकच्या आधी गेलात तर जागा मिळेल. गोव्याच्या थाळीत हुमण म्हणजे आमटी, सुक्या सुंगटांची खोबरं घातलेली किसमूर, तिसऱ्यांचं सुकं आणि रव्यात घोळवून तळलेला मासा असतो. किसमूर वाटीभर संपवायची भाजी नव्हे, भाताबरोबर चिमटीने खायची. रेशाद मसाला भरलेला बांगडा आंबट-तिखट असतो, तो पोय या गोव्याच्या पावाबरोबर चांगला लागतो. पोय सकाळ-संध्याकाळ सायकलवर हॉर्न वाजवत येणाऱ्या पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम घ्या.

दुपारी तीन ते सात गोव्यात बरीच चांगली ठिकाणं बंद असतात. भटकून चारला जेवायला निघालात तर पर्यटकांसाठीच उघडं असलेलं महागडं काहीतरी नशिबी येतं. सकाळी पातळ भाजी-पाव, बन्स आणि मिरची भजं: पणजीत कॅफे तातो, कॅफे भोंसले ही जुनी नावं. रात्री गाड्यावरचं रस-ऑम्लेट चुकवू नका. शागुतीचा, म्हणजे खोबऱ्याच्या मसाल्यातल्या कोंबडीचा, रस्सा ऑम्लेटवर ओततात, पाव बुडवून खायचा. मिसळीच्या कटावर वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

मासे न खाणाऱ्यांचं काय?

शाकाहारी म्हणजे पनीर मसाला असं समजून ऑर्डर देऊ नका, ते नाशिकला रोजचंच आहे. मालवणात काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी, घावणे आणि खोबऱ्याची चटणी, नारळाच्या रसातले शिरवाळे (तांदळाच्या शेवया) मागा. शिरवाळे आणि उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात. कडक शाकाहारी असाल तर तवा आणि तेल वेगळं आहे का हे स्पष्ट विचारा. बऱ्याच ठिकाणी नसतं. उत्तरेकडे गणपतीपुळे, गुहागर, दापोलीजवळचं मुरूड, आंजर्ले इथे फक्त शाकाहारी जेवण देणारी घरं सहज सापडतात, तिथे हा प्रश्नच येत नाही.

परतताना आगळ, आमसुलं, तिरफळ आणि मालवणी मसाला घ्या. सुका मासा घ्यायचा तर झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात, डबा पुन्हा पिशवीत, आणि पिशवी डिकीत; नुसत्या प्लॅस्टिकमधला सुका बांगडा सिन्नरपर्यंत गाडीचा ताबा घेतो. आगळ आणि अमृत कोकम यांच्या बाटल्या सारख्याच दिसतात. अमृत कोकम गोड असतं, त्याची कढी होत नाही, लेबल वाचा. घरी एका नारळाच्या दुधाला तीन-चार चमचे आगळ, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर पुरते. आगळात आधीच मीठ असतं, म्हणून मीठ चव बघून सर्वांत शेवटी घाला.