लेख अडला की मला आसनं आठवतात

अकरा वर्षं मी योगासनं करतेय, आणि लिहितेय त्याच्याही आधीपासून. दोन्ही सकाळीच चालतं: आधी चटई, मग टेबल. तरी ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं बरीच वर्षं वाटलं नव्हतं.

मग आजीच्या शेवटच्या आजारपणावर लिहायला घेतलं आणि तिसऱ्या पानावर अडले. रोज फाइल उघडायची, पहिला परिच्छेद जरा नीटनेटका करायचा, बंद करायची. एका रविवारी हट्टाला पेटून दिवसभर बसले, चार हजार शब्द ओढून काढले, आणि पुढचे वीस दिवस त्या फाइलकडे बघवेना. तेव्हा आठवलं, वर्षभरापूर्वी पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकवायचंच म्हणून मी असाच जोर लावला होता. मांडीमागचा स्नायू दुखावला आणि तीन आठवडे वाकता आलं नाही. हट्ट तोच, दुखणारी जागा तेवढी वेगळी.

म्हणून सुरुवात ह्याच आसनापासून. पाय लांब करून बसायचं आणि पुढे वाकायचं. आपली नजर पायाच्या बोटांवर असते, म्हणून आपण पाठीला पोक काढतो आणि हात पुढे फेकतो. बोटं हाताला लागतात, पण आसन होत नाही, कारण वाकणं खुब्यातून यायला हवं. शिवाय स्नायूला झटका दिला की तो स्वतःला वाचवायला उलट आखडतो. श्वास सोडत, आहे तिथेच थांबलं की तो हळूहळू सैल होतो. शेवटाकडे धावणाऱ्या लेखाचंही असंच होतं. शेवट हाताला लागतो आणि मधला मजकूर पोक काढून बसतो.

अशा वेळी त्या दिवसापुरता शेवट विसरा. एकच प्रसंग घ्या, आणि तो जिथे आखडतो तिथे थांबा. तरी जमत नसेल तर पट्टा घ्या. वर्गात ज्यांचे हात पोचत नाहीत ते तळव्यांभोवती पट्टा टाकतात आणि दोन्ही टोकं धरतात; त्यात कमीपणा काही नाही. माझा पट्टा म्हणजे पत्र. लेख बाजूला ठेवून मी धाकट्या बहिणीला लिहायला बसले: ‘त्या रात्री आजीनं तीनदा पाणी मागितलं, तुला आठवतं का?’ दीड तासात तिसरं पान मागे पडलं. नंतर बहिणीचं नाव काढून टाकलं, वाक्यं तशीच ठेवली. कुणाला फोनमध्ये बोलून रेकॉर्ड करणं सोपं जाईल, तर तो त्यांचा पट्टा.

अडणं मात्र एकाच जातीचं नसतं, आणि उपाय शोधण्याआधी जात ओळखावी लागते. पतंजलींच्या योगसूत्रांत, पहिल्या पादातल्या (म्हणजे प्रकरणातल्या) तिसाव्या सूत्रात, नऊ अंतराय म्हणजे अडथळे सांगितले आहेत. व्याधी, संशय, आलस्य हे ओळखीचे. मला सगळ्यात उपयोगी पडले ते शेवटचे दोन. अलब्धभूमिकत्व म्हणजे पाय टेकायला जमीनच न सापडणं. अनवस्थितत्व म्हणजे जमीन सापडली, पण तिथे टिकता न येणं. लिहिताना अडलात की पहिला प्रश्न हाच विचारा: मला जमीन मिळाली नाहीये, की मी तिच्यावर ठरत नाहीये?

जमीन नसेल तर वृक्षासन. एका पायावर उभं राहून समोरच्या स्थिर बिंदूवर नजर लावायची. डोळे मिटून बघा, लगेच तोल जाईल. तोल सांभाळण्यात नजरेचा वाटा केवढा आहे ते कळतं. लेखाचा असा बिंदू एका वाक्यात लिहून काढा: हे मी कुणाला सांगतेय, आणि त्या माणसाला काय कळायला हवं? ‘आजारपणावर लिहायचंय’ हा बिंदू नव्हे, ती अख्खी भिंत झाली. ‘शेवटच्या महिन्यात आजी आम्हाला धीर देत होती, हे बहिणीला सांगायचंय’ हा बिंदू. कागद समोर चिकटवा. आणि एक लक्षात असू द्या: वृक्षासनात घोटा सारखा थरथरत असतो, कारण शरीर क्षणाक्षणाला तोल सावरत असतं. पहिल्या खर्ड्यातली वाक्यं थरथरली तर पाय खाली टेकवू नका.

जमीन आहे पण टिकवत नाही, तर वीरभद्रासन, दोन्ही हात आडवे पसरून करतात ते. तिसऱ्या श्वासाला पुढची मांडी पेटते, आणि आपण नकळत पुढच्या हाताकडे झुकतो. आमच्या बाई दर वेळी सांगतात, मागचा हात विसरू नका. तो ताणून धरला की धड आपोआप मध्यावर येतं. लेखाच्या मध्यावर उठावंसं वाटलं की मी मागे जाऊन सुरुवातीच्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचते. तो माझा मागचा हात. मग पाच श्वास मोजते आणि त्यानंतरच खुर्ची सोडायची की नाही ते ठरवते. बहुतेक वेळा पाचव्या श्वासापर्यंत पुढचं वाक्य आलेलं असतं.

टिकायचं म्हणजे वाटेल ते सोसायचं नव्हे. स्नायूतला ताण चालतो. सांध्यात कळ आली तर तत्काळ आसन सोडायचं. एखादा प्रसंग लिहिताना रात्रीची झोप उडत असेल, तर तो विषय अजून सांध्यातच आहे. तो ठेवून द्या, दुसरं काही लिहा. योगसूत्रांत आसनाबद्दल सूत्रं तीनच, आणि त्यातलं पहिलं म्हणतं, ‘स्थिरसुखमासनम्’, आसन स्थिर हवं आणि सुखाचंही. मी बरीच वर्षं त्यातलं ‘स्थिर’ तेवढंच ऐकलं होतं.

शीर्षासनाची घाई नको. मानेचं दुखणं किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी ते टाळावं असं सांगतात, आणि बाकीच्यांनीही शिकवणारं माणूस जवळ असल्याशिवाय करू नये. लेखनात काळ उलटासुलटा करणं, निवेदक बदलणं हे मला तसंच वाटतं. आधी सरळ उभं राहून एक गोष्ट सांगता येऊ दे.

शवासनाला मात्र पूर्ण वेळ द्या. हेच आसन लोक सगळ्यात जास्त चुकवतात. शेवटची पाच मिनिटं उरली की चटया गुंडाळायला लागतात. खर्डा झाला की छोटा लेख किमान एक रात्र, मोठा आठ दिवस मिटून ठेवा. मधे डोकावायचं नाही, कुणाला पाठवायचं नाही. शवासनातून एकदम उठत नाहीत. आधी बोटं हलवायची, मग उजव्या कुशीवर वळायचं, थोडं थांबायचं, हाताचा आधार घेऊन बसायचं. आठ दिवसांनी फाइल उघडाल तेव्हा तसंच करा. पहिल्या वाचनात काही दुरुस्त करू नका, मोठ्यानं वाचा फक्त. वाक्याच्या मध्येच दम लागला तर तिथे समासात बारीक रेघ ओढा आणि पुढे वाचत राहा. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, त्या रेघांपासून.