यकृत प्रत्यारोपणानंतरचा हर्निया: दुर्बिणीतून दुरुस्ती

नवं यकृत शरीराने नाकारू नये म्हणून रुग्ण सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस या औषधांवर असेल तर शस्त्रक्रियेची घाई नको. या औषधांनी जखम नीट भरत नाही, हर्नियाच्या छिद्रावर आधाराची जाळी बसवूनही हर्निया उलटतो. यकृततज्ज्ञांशी बोलून शस्त्रक्रियेच्या ४ ते ६ आठवडे आधी टॅक्रोलिमस या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधावर आणा.

पहिलं पोर्ट (दुर्बीण आणि अवजारं आत घालायची नळी) प्रत्यारोपणाच्या जुन्या व्रणापासून लांब, शक्यतो डावीकडे, उघड्या पद्धतीने डोळ्यांनी बघत घाला. आतडं व्रणाला आतून चिकटलेलं असतं. ते सोडवताना कात्रीच वापरा, कॉटरी (विजेच्या चटक्याने कापणारं अवजार) मुळीच नको. तिचा चटका तेव्हा दिसत नाही, आतड्याला भोक काही दिवसांनी पडतं.

जाळी हर्नियाच्या कडेपलीकडे चहूबाजूंनी किमान ५ सेंमी हवी. बरगड्यांच्या कडेवर टॅक (जाळी पक्की करणाऱ्या छोट्या पिना) मारू नका, छाती-पोटामधल्या पडद्यापलीकडे हृदय आहे, तिथे जाळी टाक्यांनीच शिवा.

दुखलं तर मोजून पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक नको, ते टॅक्रोलिमसच्या जोडीने मूत्रपिंडं बिघडवतं.