मूल 'भेटायचं नाही' म्हणतं तेव्हा

आई-बाबा वेगळे झाले, मूल एकाकडे राहतं आणि दुसऱ्या पालकाला कौटुंबिक न्यायालयाने भेटीचे वार ठरवून दिले, तरी मूल बालकक्षाच्या, म्हणजे कोर्टातल्या भेटीच्या खोलीच्या, दारातच अडून बसतं. अशा वेळी ओढाताण करू नका. बरेचदा मूल ज्याच्याकडे राहतं, त्याला वाईट वाटेल ही त्याची धास्ती असते. 'हे तुला कोणी शिकवलं?' असं तर चुकूनही विचारू नका. त्याला तो घरच्या माणसावरचा आरोप वाटतो आणि पुढच्या खेपेला ते तोंडच उघडत नाही.

तासाभराची भेट असेल तर पहिली पंधरा मिनिटं बोलण्याची अपेक्षा सोडा. समोर नको, शेजारी बसा. कोरे कागद, खडू, पत्त्यांचा जोड पुरे. हात कामात गुंतले की मूल आपसूक बोलू लागतं. महागडं खेळणं टाळा, कारण ते घरी नेल्यावर काय ऐकावं लागेल याचाच घोर त्याला लागतो. खाऊ तिथंच संपेल एवढाच न्या. 'तू ओरडायचास' असं म्हणालं तर खुलासा देत बसू नका. 'हो, ओरडायचो. चुकलं माझं.' यापुढे 'पण' नको. निघताना 'शनिवारी अकराला इथंच असेन' एवढंच सांगा, आणि पावणेअकरालाच पोचा.

भेट होतच नसेल तर दर रविवारी ठरल्या वेळी दोन ओळी पाठवा: 'कुंडीतल्या मिरचीला आज फूल आलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.' प्रश्न नको, तक्रार नको. महिनोन्महिने उत्तर येणार नाही, हे धरून चाला.

एका वहीत तारीख, वेळ आणि काय घडलं ते लिहीत जा. आदेश पाळला जात नसेल तर वकिलाला अर्जासाठी हेच लागतं. व्हिडिओ कॉलही मागा. यशिता साहू प्रकरणात (2020) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की, वेगळी परिस्थिती नसेल तर ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज 5 ते 10 मिनिटं बोलता यायला हवं.

भेट देत नाहीत म्हणून पोटगी थांबवू नका. ही चूक फार जण करतात. दोन्ही बाबी कायद्याने वेगळ्या आहेत. थकबाकी वसुलीचं वॉरंट निघू शकतं, आणि 'बाबा पैसे देत नाही' हे मुलाच्या कानावर पडतंच.

भेट फसलेल्या रात्री मुलाच्या दुसऱ्या पालकाला मेसेज करू नका. तो पुढे कोर्टात पुरावा म्हणून येतो. बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.