जुनी स्पोर्ट्‌स कार रस्त्यात रुसते तेव्हा: या चुका टाळा

माझ्याकडे १९९२ सालची माझदा एमएक्स-५ आहे. अमेरिकेत हिला मियाटा म्हणतात. माझी जपानमधून इंग्लंडात आलेली, त्यामुळे मागच्या बाजूला ‘युनोस रोडस्टर’ असं नाव. सोळाशे सीसीचं इंजिन, दोन माणसांची जागा, उघडणारं छप्पर आणि डिकीत जेमतेम दोन बॅगा. १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये हे मॉडेल पहिल्यांदा लोकांसमोर आलं. म्हणजे या पिढीतल्या सगळ्यात तरुण गाड्याही आता पंचविशी ओलांडून गेल्या.

माझ्या वडिलांनी साताऱ्यात बावीस वर्षं चेतक चालवली. स्कूटर चालू झाली नाही की ते आधी ती एका अंगावर कलती करायचे. मग प्लग काढायचा, पँटला पुसायचा, उजेडात धरून त्याचा रंग बघायचा. खिशात हात जायचा तो सगळ्यात शेवटी. मी मात्र इथे उलटा चाललो. गाडी रुसली की आधी मोबाइल काढून पार्ट मागवायचे आणि मग बिघाड शोधायचा. अशा तीन वर्षांत जे शिकलो ते खाली आहे. बरंचसं या एकाच मॉडेलचं आहे, पण तुमच्याकडे दुसरी कुठली म्हातारी स्पोर्ट्‌स कार असेल तरी दुखणी फार वेगळी नसतील.

अंदाजाने पार्ट बदलत सुटणं

पहिल्याच हिवाळ्यात इंजिन मिसिंग मारायला, म्हणजे मध्येच एखादा सिलिंडर न पेटता गचके द्यायला लागलं. सपाट रस्त्यावर ठीक, पण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी भिजलेल्या कुत्र्यासारखी अंग झटकायची. मी प्लगना ठिणगीचा करंट देणारी इग्निशन कॉइल बदलली. फरक शून्य. चारही प्लग बदलले. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला जुन्या बाजारातून इंजिनात जाणारी हवा मोजणारं एअरफ्लो मीटर आणलं. तोवर अडीचशे पौंड गेले होते.

व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं तर म्हणाले, “अंधारात बोनेट उघडून बघितलंस का?”

नव्हतं बघितलं. त्या रात्री गॅरेजमधला दिवा घालवला, इंजिन चालू ठेवलं आणि झाडांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने प्लगच्या वायरींवर, हात लांब ठेवून, अगदी बारीक तुषार सोडला. तिसऱ्या नंबरच्या वायरीवर निळी ठिणगी चटचट नाचायला लागली. वायरीचं रबर पिकलेलं होतं आणि करंट प्लगपर्यंत न जाता मध्येच हेडवर, म्हणजे सिलिंडरांवरच्या धातूच्या झाकणावर, उतरत होता. नवा वायर सेट पंचवीस पौंडांना आला. या गाड्यांत मिसिंगचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे. वायरी चार-पाच वर्षांत बदलायच्याच असतात, त्या दिसायला कितीही चांगल्या असल्या तरी.

आता मी आधी एक चाचणी करतो. इंजिन आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, चालू ठेवून सिलिंडरला पेट्रोल देणाऱ्या एकेका इंजेक्टरचा प्लास्टिक कनेक्टर काढायचा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन लगेच खाली बसतं. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासून मेलेला. या इंजिनात एक कॉइल १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरना ठिणगी देते, दुसरी २ आणि ३ ला. जोडीतले दोन्ही मेले असतील तर कॉइलवर संशय घ्या. एकच मेला असेल तर प्लग, वायर किंवा इंजेक्टर. पाच मिनिटांचं काम आहे. प्लगची वायर चालू इंजिनात हाताने उपटून हीच चाचणी करणारे महाभाग मी पाहिलेत. त्यात झटका बसतो तो बसतोच, शिवाय कॉइलवरही ताण येतो.

याच मालिकेतलं आणखी एक. सोळाशेच्या इंजिनात एअरफ्लो मीटरच्या आत एक झडप असते. हवा आत ओढली गेली की ती उघडते आणि तिच्यासोबतच पेट्रोल पंपाचा स्विच चालू राहतो. मीटरनंतरच्या रबरी नळीला चीर गेली की हवा त्या चिरेतून आत येते, झडप नीट उघडत नाही आणि गाडी सिग्नलला खोकून बंद पडते. लोक पेट्रोल पंप बदलतात. ती नळी हातात धरून वाकवून बघा. चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला, नळीच्या घड्यांमध्ये लपलेली असते.

ऑइल दिसलं की गिअरबॉक्स उतरवणं

माझ्या गाडीखाली ऑइलचे थेंब पडायचे, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात नेमके तिथे. एका गॅरेजने अंडरबॉडीवर टॉर्च मारून सांगितलं, क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याचं, मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मजुरीचा आकडा ऐकून मी गाडी परत आणली.

खरं कारण वर होतं. हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) जवळजवळ चिकटून, कॅम अँगल सेन्सर बसतो. त्याची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, वर्षानुवर्षं तापून कडक होते. मग ऑइल तिथून पाझरतं, इंजिनच्या पाठीवरून ओघळतं आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी येऊन टपकतं. छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन वरून बघितलं की ओला माग स्पष्ट दिसतो. ओ-रिंग काही पेन्सना मिळते. सेन्सर एकाच बोल्टवर असतो, पण तो ढिला करण्याआधी टिपेक्सने (खोडायच्या पांढऱ्या शाईने) सेन्सर आणि हेड या दोन्हींवर मिळून एक आडवी रेघ मारून ठेवा. सेन्सर किंचित जरी फिरला तरी इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बिघडतं. मी रेघ मारायला विसरलो होतो. मग ती वेळ तपासायची टायमिंग लाइट उसनी आणण्यात पुढचा शनिवार गेला.

क्लचचंही असंच. पेडल एकदम मऊ पडलं, गिअर घालताना कर्र आवाज आला, की लोक म्हणतात क्लच बसला. आधी गिअरबॉक्सच्या बाजूला असलेल्या, पेडलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट उचकटून बघा. आत ओलं असेल तर सील गेलंय. हा सिलिंडर या गाडीत हटकून जातो. पार्ट स्वस्त आहे, कामही तासाभराचं. स्लेव्ह नवा घातला की दाब वाढतो आणि मग पेडलकडचा जुना मास्टर सिलिंडर गळायला लागतो, म्हणून दोन्ही एकदम बदललेले बरे. मी एकच बदलला होता. दीड महिन्याने पुन्हा गाडीखाली.

तापमानाचा काटा चढत असताना ‘पुढच्या एक्झिटपर्यंत’ जाणं

या गाडीच्या रेडिएटरची वरची टाकी प्लास्टिकची असते. नवी असताना काळी. वय झालं की तिच्यावर शेवाळी, तपकिरी झाक येते. तो रंग म्हणजे प्लास्टिक ठिसूळ झाल्याची खूण. एक दिवस ती जोडावरच उकलते. रंग बदललेला दिसला तर पुढच्या उन्हाळ्याची वाट बघू नका.

तरीही काटा चढायला लागलाच, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरम करून पंखा जोरात लावा आणि थांबता येईल तिथे लगेच थांबा. हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच. उघड्या गाडीत भर जुलैत पायावर गरम झोत घेत बसायची ही शिक्षा मी भोगली आहे, पण हेडखालचं गॅस्केट वाचलं. एक्झिट तीन मैलांवर आहे म्हणून तसंच दामटलं, तर त्या तीन मैलांत हेड वाकू शकतं.

थांबल्यावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. अर्धा तास, जमलं तर तासभर थांबा. उकळतं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल झालं की ते सरळ तोंडावर येतं. नंतर पाणी भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हीटर गरमवर ठेवा आणि बुडबुडे संपेपर्यंत हळूहळू भरा. नाहीतर हवा आत अडकून राहते आणि दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा वर. निकडीला साधं पाणी घातलं असेल तर थंडी पडायच्या आत कूलंट भरायला विसरू नका. इथल्या जानेवारीत नुसतं पाणी गोठून फुगतं.

डॅशबोर्डवरच्या दुसऱ्या काट्याबद्दलही सांगतो. १९९५ च्या आधीच्या गाड्यांत ऑइल प्रेशरचा काटा खरा असतो. गरम इंजिन आयडलवर आलं की तो खाली येतो, आणि ते पाहून नवे मालक घाबरतात. नंतरच्या गाड्यांत कंपनीने त्याच्यामागे फक्त एक स्विच लावला. दाब पुरेसा असेल तर काटा मध्यावर, नसेल तर शून्यावर, मधलं काहीच नाही. म्हणजे १९९६ ची गाडी घेतली आणि काटा नेहमी मध्यावर, म्हणून ‘काय ठणठणीत इंजिन आहे’ असं म्हणत बसू नका. डिपस्टिक बघा.

मागचा ब्रेक शिकंज्यात दाबणं

मागचे पॅड बदलताना पुढच्यासारखाच पिस्टन शिकंज्यात धरून आत दाबायचा, ही चूक अनुभवी माणसंही करतात. मागच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, हँडब्रेकची यंत्रणा असते. कॅलिपरच्या पाठीवर एक बोल्ट असतो. तो काढला की आत अ‍ॅलन-कीने फिरवायचा स्क्रू सापडतो. पिस्टन मागे घ्यायचा तो त्यानेच. नवे पॅड बसवल्यावर चाक जाम होईपर्यंत तो स्क्रू आवळायचा आणि मग साधारण एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. जोर लावून दाबलात तर आतली यंत्रणा जाते आणि हँडब्रेक कायमचा लुळा पडतो.

न दिसणाऱ्या जागा विसरणं

बॅटरी डिकीत असते. मूळ बॅटरी बंद जातीची होती आणि तिचा वायू नळीवाटे गाडीबाहेर जायचा. तिच्या जागी साधी स्वस्त बॅटरी टाकली आणि नळी जोडली नाही, तर आम्लाची वाफ डिकीतच कोंडते आणि पत्रा खाते. सीटच्या मागे, छपराच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी निघून जायची भोकं असतात. पानांच्या कचऱ्याने ती तुंबतात, पाणी दाराखालच्या उंबरठ्याच्या पत्र्यात साठतं आणि पत्रा आतून सडतो. दर शरद ऋतूत एक मग पाणी हळूच ओतून बघा. ते मागच्या चाकाच्या पुढे खाली पडायला हवं. इंजिन दुरुस्त होतं. सडलेला पत्रा मात्र कापून वेल्डिंग करावा लागतो आणि त्याशिवाय वार्षिक एमओटी तपासणीत गाडी पास होत नाही.

गाडी अजून घ्यायची असेल तर तिच्या एमओटीच्या जुन्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात. कुठल्या वर्षी कशात नापास झाली, सगळं लिहिलेलं असतं. १९९१ च्या मध्यापर्यंतची गाडी असेल तर क्रँकच्या पुढच्या पुलीवरच्या खाचा मोजा. चार असतील तर ती आखूड नाकाच्या, म्हणजे पुली बसते ते टोक आखूड असलेल्या, क्रँकवाली, आठ असतील तर सुधारित. आखूड नाकाच्या क्रँकवर बोल्ट नीट आवळला नाही तर पुलीची चावी (तिला क्रँकवर अडकवणारा धातूचा तुकडा) झिजते आणि क्रँकचं टोकच खराब होतं. टायमिंग बेल्ट बदलणाऱ्याला हे आधी सांगा. बेल्ट तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, त्यामुळे तेवढ्यासाठी गाडी भंगारात काढू नका.

रस्त्याकडेला हिरोगिरी

मोटरवेवर बंद पडलात तर डावीकडच्या दाराने उतरा, कठड्यापलीकडे जा आणि तिथून मदत बोलवा. बोनेट उघडू नका. साध्या रस्त्यावर गाडीच्या मागे किमान ४५ मीटरवर लाल त्रिकोण ठेवायचा असतो, पण मोटरवेवर तो ठेवायचाच नाही, असं इथली वाहतूक नियमावली, हायवे कोड, सांगते. ठेवायला चालत जाणाराच मरतो.

आणि प्रवासाच्या आदल्या रात्री काही दुरुस्त करू नका. काहीच नाही. मी बाबांना वेल्सला न्यायच्या आदल्या रात्री हेडलाइटच्या मोटरचं वायरिंग ‘जरा साफ’ केलं होतं. या गाडीचे दिवे झाकणासारखे वर उघडतात. संध्याकाळी डोंगरात दिवे लावले तर डावा डोळा मिटलेलाच. मी पुढे होऊन तो बोटांनी वर ओढायला लागलो. असा ओढला की मोटरचे गिअर तुटतात, हे मला माहीत होतं, तरीही.

“थांब, थांब. त्याला काहीतरी सोय केली असेल की,” बाबा म्हणाले. गुडघे धरत, कण्हत ते त्या बुटक्या गाडीतून बाहेर आले. मी दिव्यांचा फ्यूज काढला. त्यांनी बोनेटखाली हात घालून मोटरवरची रबरी टोपी बाजूला केली, तर खाली एक गोल नॉब. ते तो फिरवत बसले, वीस-पंचवीस फेरे, आणि दिवा हळूहळू वर आला.

“चेतकला असलं काही लागायचं नाही,” म्हणाले आणि हात पँटला पुसले.