रोग कसा पसरतो हे मुलांना शिकवताना या चुका टाळा

गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत मी बरीच वर्षे परिसर अभ्यास शिकवते आहे आणि दर पावसाळ्यात, संसर्गजन्य रोगांचा पाठ आला की, त्याच चुका नव्याने होताना पाहते. सर्वांत मूळ चूक अशी की, ‘जंतू सगळीकडे असतात, म्हणून हात धुवा’ या एका वाक्यात पाठ उरकला जातो. वाक्य खोटे नाही. परंतु प्रत्येक रोगाची अंगात शिरण्याची वाट निराळी असते आणि ती ठाऊक नसेल तर अडवायची कुठे, हे मुलाला कळत नाही. हात धुतल्याने हगवण टळेल, डेंग्यू टळणार नाही.

जुन्या गोव्याला सहल नेली की, एवढी मोठी चर्चे आहेत, मग माणसांची घरे कुठे गेली, असे कुणीतरी विचारतेच. पटकी (कॉलरा) आणि मलेरियाच्या साथींनी ते शहर ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, हे मी तिथेच सांगते. त्या काळी दोष हवेला दिला जाई. मलेरिया हा शब्दच मुळी इटालियनमधल्या ‘वाईट हवा’ या शब्दांवरून आला आहे. मलेरियाचा परजीवी, म्हणजे तो रोग घडवणारा सूक्ष्म जीव, डासाच्या पोटात डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना दिसला तो १८९७ मध्ये, सिकंदराबादेत. जो हवेला दोष देतो त्याला पाण्याची टाकी झाकण्याची बुद्धी होत नाही, एवढे चौथीच्या मुलाला सहज समजते.

आता माझ्या खास रागाचा विषय, म्हणजे मिरपुडीचा प्रयोग. बशीत पाणी, त्यावर मिरपूड आणि साबण लावलेले बोट बुडवताच पूड कडेला पळते, असा तो प्रकार सर्वांनी मोबाइलवर पाहिलेला असतो. दोन मिनिटांत होतो, मुले टाळ्या वाजवतात, शिक्षक खूश होतात. मीही एकदा तो मोठ्या हौसेने केला. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी नळापाशी गेली, ओल्या साबणावर बोटांची टोके घासली आणि तशीच डबा उघडून बसली. मी हटकले तर म्हणाली, “टीचर, आता जंतू भिऊन पळाले ना?” शेजारच्या मुलाने त्यावर विचारले की, पळून ते कुठे गेले, डब्यात तर नाही ना? दोघांचेही तर्क बरोबर होते. चुकले होते मी. मिरपूड पळते ती पाण्याच्या पृष्ठताणात फरक पडल्यामुळे, साबणाच्या धाकाने नव्हे. हातावरचे जंतू तेलकटपणासह सुटून पाण्याबरोबर वाहून जावे लागतात, त्यासाठी चोळावे लागते आणि वेळ द्यावा लागतो, हे सारे त्या प्रयोगात गायब असते.

तेव्हापासून मी मुलांच्या तळहातांना थोडे खोबरेल आणि चिमूटभर दालचिनीची पूड चोळायला देते. आधी नुसत्या पाण्याने धुवायला सांगते. तपकिरी पूड चिकटून राहते आणि चेहरे पडतात. मग साबण, मग वीसपर्यंत सावकाश मोजणे. शेवटी अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यात आणि नखांत जे तपकिरी उरते ते मी बोलून दाखवत नाही, त्यांनाच शोधू देते. अख्खी तासिका जाते, बाकही बरबटतात. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी फळ्यावर चित्र काढावे, पण मिरपुडीच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी चूक अर्धे नाव शिकवण्याची आहे आणि ती अधिक महाग पडते. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळख पटलेला माकडताप २०१५ मध्ये आमच्या सत्तरी तालुक्यात आला. पुढे एका शाळेत या तापाचा पाठ झाला त्यात ‘माकडापासून होणारा रोग’ एवढेच मुलांच्या कानी पडले. आठवडाभरात पोरे काजूच्या बागायतीत माकडांवर दगड भिरकावू लागली. त्याहून वाईट असे की, घरात हा ताप येऊन गेलेल्या एका मुलाशेजारी कुणी बसेना. त्या मुलाने पाण्याची बाटली दप्तरात लपवून ठेवायला सुरुवात केली होती. कुणी तिला हात लावत नाही, हे इतरांना दिसू नये म्हणून. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. तो पसरवतात गोचिडी. माकड स्वतःच त्या रोगाने मरते आणि त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपासच्या पाल्यात उतरतात. म्हणून मेलेल्या माकडाजवळ न जाता मोठ्यांना कळवायचे, काजूचे बोंडू गोळा करायला जाताना अंगभर कपडे घालायचे, परतल्यावर कपडे धुवायला टाकून कढत पाण्याने आंघोळ करायची आणि कानामागे, काखेत गोचीड पाहायची. माकडतापाचे चित्र काढायचे तर मी आता आधी गोचीड काढते, माकड नंतर. कोणताही रोग शिकवताना ‘हा कशाने होत नाही’ हेही त्याच तासाला सांगते, दुसऱ्या दिवसावर ढकलत नाही.

डासांच्या पाठाला मुलांना गटार दाखवायला नेणे ही आणखी एक जुनी सवय. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. गटाराकडे बोट दाखवून परतणाऱ्या वर्गाच्या दारातच कुंडीखालची ताटली भरलेली असते. मी अशा ताटलीतले किंवा करवंटीतले पाणी काचेच्या बरणीत घेते आणि तोंडाला मलमलचे फडके घट्ट बांधते. डेंग्यूच्या डासाच्या अळ्या डोके खाली करून तिरक्या लटकतात, मलेरियाच्या डासाच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर पडून राहतात, हे मुले भिंगाशिवाय ओळखू लागतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून बरणी तिसऱ्या दिवशी सुक्या मातीत ओततेच. हे विसरणाऱ्याने प्रयोग करू नये.

बाकीचे थोडक्यात. खोकताना तोंडावर तळहात धरायला शिकवू नका, कोपर शिकवा. क्षयरोग खोकल्यातून हवेवाटे पसरतो, ताटवाटी वेगळी काढून तो थांबत नाही. सुईची भीती घालून हात धुवून घेऊ नका, नाहीतर लसीच्या दिवशी तीच मुले शाळा बुडवतील. चित्रकला स्पर्धेने रोगप्रतिबंध होतो हा गैरसमज वरून येतो, त्याला माझा इलाज नाही.

आणि नळावर साबण नसताना हा पाठ घेऊ नये. वडी ठेवली तर दोन दिवसांत नाहीशी होते, ही सर्वांची तक्रार. मी वडीचे चार तुकडे करते, एक तुकडा कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून नळालाच बांधते आणि गाठ सुटेल अशी मारत नाही. तुकडा सुपारीएवढा झाला की ज्याची पाळी असेल तो मुलगा येऊन दुसरा मागतो.