परकी राजवट इतिहासाचे शिक्षक ‘नव्याने तयार’ करते तेव्हा काय होतं, हे वर्गात कसं घ्यायचं

दुसरं महायुद्ध शिकवताना आपण हिरोशिमा, नागासाकी, शरणागती एवढं उरकून पुढच्या चॅप्टरला जातो, पण त्यानंतर जपानच्या शाळांमध्ये जे झालं त्यासाठी दोन तासिका काढाच, मुलं विसरत नाहीत.

तयारी फार नाही. गेल्या आठवड्यात तुम्ही स्वतः शिकवलेल्या धड्यातल्या दोन पानांच्या झेरॉक्स आणि काळे मार्कर, बस. धडा तुम्हीच शिकवलेला हवा, सगळी गंमत त्यातच आहे. सुरुवातीला काही समजावत बसू नका, सरळ पान नंबर आणि ओळी वाचत जा, तिसऱ्या ओळीपासून सातवीपर्यंत काळं करा, पुढच्या पानावरचं चित्र पूर्ण काळं करा, आणि कारण विचारलं तरी सांगायचं नाही. थोड्या वेळात कोणीतरी म्हणतंच, सर हे तर तुम्हीच शिकवलं होतं ना? तिथे थांबा आणि मग जपानचं सांगा.

१९४५ च्या सप्टेंबरात तिथली मुलं अशीच बसली होती, हातात ब्रश आणि शाई, आणि ओळी सांगणारे शिक्षक तेच, ज्यांनी उन्हाळ्यापर्यंत युद्धाचा गौरव करणाऱ्या त्याच ओळी श्रद्धेने पाठ करून घेतल्या होत्या. हे नीट सांगा की शाईचा पहिला आदेश जपानच्याच शिक्षण खात्याचा होता, शरणागतीनंतर जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकन लष्करी प्रशासनाचे शिक्षणाबद्दलचे मोठे आदेश त्यानंतर आले. ३१ डिसेंबर १९४५ ला नीतिशिक्षण, जपानचा इतिहास आणि भूगोल हे तिन्ही विषय बंद झाले, पुस्तकं लगदा करायला गोळा झाली. युद्धखोर विचारांचे कोण हे शोधायला शिक्षकांची चौकशी ठरली तेव्हा कितीतरी जणांनी आधीच राजीनामे दिले.

इतिहास परत सुरू झाला तो १९४६ च्या ऑक्टोबरात, ‘कुनि नो आयुमि’ या नव्या पुस्तकासह. आधीच्या पुस्तकात सुरुवात सम्राटांची पूर्वज मानल्या जाणाऱ्या सूर्यदेवीपासून होती, यात अश्मयुगापासून. फळ्यावर या दोन सुरुवाती शेजारी शेजारी लिहा आणि विचारा की शिक्षकाला एका वर्षात काय काय बदलावं लागलं असेल, नुसती माहिती की शिकवायची पद्धतसुद्धा? कारण १९४७ च्या अभ्यासक्रमावर चक्क ‘मसुदा’ असं छापलं होतं, म्हणजे शिक्षकांनी आपल्या भागाप्रमाणे बदल करावेत, मुलांना चर्चा करू द्यावी. आयुष्यभर वरून आलेलं सांगणाऱ्या माणसाला हे केवढं अवघड गेलं असेल! मला स्वतःला या सगळ्यातली ही सगळ्यात चांगली गोष्ट वाटते.

पण तिथेच गोड करून सोडू नका. त्याच काळात वर्तमानपत्रांवर याच अमेरिकन प्रशासनाची सेन्सॉरशिप होती, अणुबॉम्बबद्दल मोकळेपणाने छापता येत नव्हतं. लोकशाही शिकवायची आणि हे बोलायचं नाही, यावर मुलांना भांडू द्या, उत्तर तुम्ही देऊ नका.

दुसऱ्या तासिकेला युक्रेन घ्या. २०२२ पासून रशियाच्या ताब्यातल्या भागात शिक्षकांना रशियन अभ्यासक्रमाच्या ट्रेनिंगला पाठवलं गेलं, २०२३ पासून अकरावीच्या नव्या इतिहासाच्या पुस्तकात हे युद्ध रशियाच्या बाजूने मांडलंय, आणि दुसरीकडे युक्रेनच्या कायद्यात शाळेत शत्रूचा प्रचार केला तर शिक्षा आहे. मधे अडकलेला शिक्षक काय करेल? युद्धात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराचं ५४ वं कलम वाचून दाखवा, ताबा घेणाऱ्या सत्तेला सदसद्विवेकबुद्धीने काम नाकारणाऱ्या सरकारी नोकराला शिक्षा करता येत नाही. इथे मुलं चिडतात, चिडू द्या.

मात्र जपान आणि युक्रेन एकाच मापाने मोजू नका, एकीकडे हल्ला करून हरलेला देश होता, दुसरीकडे हल्ला झालेला. हा फरक मुलांकडूनच काढून घ्या.

गृहपाठाला एकच प्रश्न द्या: तुम्ही शिक्षक असता तर ती ओळ काळी करायला सांगताना वर्गाला काय सांगितलं असतं? उत्तरांना मार्क देऊ नका, पुढच्या तासिकेला आवाजात वाचून घ्या. आणि झेरॉक्सवर काळा केलेला मजकूर बरोबरच होता, परीक्षेला येणारच आहे, हे त्याच दिवशी स्पष्ट सांगून टाका.