पुंजभौतिकीचे टीशर्ट हातानं करायचे असतील तर

क्वांटमवरचे, म्हणजे पुंजभौतिकीवरचे, टीशर्ट हातानं करून विकायचे आहेत, सुरुवात कुठून करू, असं विचारणारी मुलंमुली मला अधूनमधून भेटतात. कुणी बीएस्सीला असतं, कुणी आर्टचा डिप्लोमा करत असतं. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, मशीन कुठली घेऊ?" मशीन घेऊच नका, निदान पहिलं वर्ष तरी. डीटीएफवाल्याला, म्हणजे फिल्मवर छापून ते चित्र कापडावर गरम दाबून चिकटवणाऱ्याला, फाईल पाठवली की तो संध्याकाळपर्यंत छापून देतो, आणि तसा माल तुमच्याआधी पुष्कळ जण विकत बसलेत. हातानं करायचं ते अशासाठी की चित्र जे सांगतंय तेच ते करण्याच्या रीतीतही उतरावं. असं जमलेला टीशर्ट गिऱ्हाईक उलटसुलट करून बघतं आणि भाव कमी करायला सांगत नाही.

दुसरा प्रश्न, फिजिक्स किती यायला हवं? गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देता येईल इतकं. "हे काय आहे?" हा पहिला प्रश्न, त्याचं उत्तर पाठ करून देता येतं. "म्हणजे नेमकं काय?" इथे पाठांतर संपतं. मराठी विश्वकोशातल्या पुंज सिद्धांताच्या नोंदीपासून सुरू करा, ती ऑनलाइन फुकट वाचायला मिळते. एनपीटीईएल या मोफत शिक्षणाच्या संकेतस्थळावर आपल्याच प्राध्यापकांची अख्खी व्याख्यानं आहेत. गणिताची धास्ती असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशनं उघडा आणि बटणं फिरवत बसा. आर्टवाल्या मुलांना यातूनच जास्त उमगतं, असं माझं निरीक्षण आहे.

आता चित्रांकडे येऊ. तीन लंबवर्तुळं एकमेकांत अडकवलेली, मध्ये ठिपका, हे चित्र क्वांटम म्हणून सर्रास खपतं. त्यातल्या कक्षा बोरच्या १९१३ च्या प्रारूपाच्या काळातल्या. १९२६ मध्ये श्रोडिंगरचं समीकरण आलं, त्याच वर्षी मॅक्स बोर्ननं त्यातल्या तरंगफलाचा (कणाची अवस्था सांगणाऱ्या गणिती फलाचा) अर्थ शक्यतेशी जोडला, आणि इलेक्ट्रॉनची ठरावीक वाट निकालात निघाली. उरला तो ढग: इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, याचा. अशा ढगाच्या एकेका आकाराला ऑर्बिटल म्हणतात. त्यातलं २पी काढायला घ्याल तेव्हा दोन फुगे येतील आणि त्यांच्या मधोमध एक प्रतल, जिथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य असते. तिथलं कापड कोरंच राहायला हवं. चित्रकाराचा हात ती फट भरायला शिवशिवतो, दोन फुगे जोडून छान आठाचा आकडा करावासा वाटतो. करू नका. शिवाय दोन फुग्यांना दोन रंग देतात ते तरंगफलाची चिन्हं, अधिक आणि उणे, दाखवायला. तो विद्युतभार नव्हे. स्टॉलवर येणारे फिजिक्सचे सर पहिल्यांदा नेमकं हेच विचारतात.

श्रोडिंगरची मांजर म्हणजे बंद खोक्यातली, उघडून बघेपर्यंत जिवंतही आणि मेलेलीही मानावी लागणारी काल्पनिक मांजर. तिच्याबद्दल एवढंच सांगते की ती खपते. फक्त लक्षात असू द्या, १९३५ मध्ये त्यानं ती गोष्ट मांडली ती पुंजयामिकीचा (क्वांटम मेकॅनिक्सचा) रूढ अर्थ रोजच्या वस्तूंना लावला तर किती विचित्र ठिकाणी जाऊन पोचतो हे दाखवायला. "मांजर जिवंतही आणि मेलेलीही, किती भारी ना" असं खाली छापलंत तर जाणकार हसेल. माझ्याकडे मांजरीचं एक डिझाइन आहे, पण त्यात खोकं बंद आहे आणि शेपटीचं टोक तेवढं बाहेर दिसतं.

शब्द किंवा आकडे छापायचे असतील तर समीकरणांची भेळ करू नका. एकच गोष्ट घ्या. प्लांकचा स्थिरांक, म्हणजे ऊर्जेचा एकेक दाणा केवढा ते ठरवणारा आकडा, ज्यूल-सेकंदात लिहायचा तर दशांश चिन्हानंतर आधी ३३ शून्यं येतात आणि मग ६६२६. शून्याचा एकच लाकडी ठसा करून घेतला आणि तो छातीवरून, कुशीतून, पाठीवरून फिरवत प्रत्येक शून्य हातानं मारलं की जग किती बारीक दाण्यांचं आहे ते अंगावरच दिसतं. लोक खरोखर शून्यं मोजतात. एक कमी पडलं तर स्थिरांक दहापट होतो, तेव्हा ठसे मारताना फोन बाजूला ठेवा.

दोन फटींच्या प्रयोगाचं डिझाइन जरा सविस्तर सांगते, कारण रीत आणि विषय एकत्र येतात म्हणजे काय ते त्यात नीट दिसतं. दोन बारीक फटींतून प्रकाश सोडला की पलीकडच्या पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे पडतात. थॉमस यंगनं हा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केला. पुढे जपानमध्ये टोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एकेक इलेक्ट्रॉन सोडून तसाच प्रयोग दाखवला. प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकच ठिपका उमटवतो, कुठे उमटवेल ते आधी सांगता येत नाही. पण हजारो ठिपके जमले की पट्टे दिसायला लागतात. बहुतेक जण टीशर्टवर तयार पट्टेच छापतात. त्यात प्रयोगातली गंमत जाते आणि वर तो टीशर्ट झेब्रा क्रॉसिंगचा वाटतो.

मी असं करते. पट्ट्यांचं गणिती वितरण पायथॉन या संगणकाच्या भाषेत बसवायचं आणि त्यातून यादृच्छिक जागा काढायच्या, एका टीशर्टला ५०-६० ठिपके. छोट्या कागदावर त्यांची छपाई घ्यायची, कागद टीशर्टच्या आत सरकवायचा, खालून दिवा, आणि बारीक नळीच्या थ्रीडी आउटलायनरनं (कापडावरच्या रंगाच्या ट्यूबनं) एकेक ठिपका. पुढच्या टीशर्टला नवीन जागा. सुटा टीशर्ट पाहिला तर रंग शिंपडल्यासारखा दिसतो, पट्टे अजिबात कळत नाहीत. प्रत्येक टीशर्टचे ठिपके मी एका पारदर्शक शीटवरही उतरवते आणि त्या शीट स्टॉलवर एकावर एक लावून ठेवते. जितके टीशर्ट झाले तितके पट्टे ठसठशीत. गिऱ्हाईक आपला टीशर्ट हातात घेऊन त्या गठ्ठ्यात आपले ठिपके शोधतं. यात एकच पथ्य: ठिपके गणितानं दिले तिथेच द्या. माणसाच्या हाताला 'कसेही' टाकायला सांगितलं तर तो सारख्या अंतरावर टाकतो. खऱ्या यादृच्छिक ठिपक्यांत घोळके असतात, मधेच मोकळी जागा असते, दोन ठिपके एकमेकांना चिकटलेलेही असतात. ते तसेच राहू द्या.

दुसरी रीत मला सगळ्यात जवळची, सायनोटाइपची, म्हणजे उन्हानं कापडावर निळं चित्र उमटवायची. जॉन हर्शेलनं ती १८४२ मध्ये शोधली. घरगुती प्रमाण असं: फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम वेगळ्या १०० मिली पाण्यात. दोन्ही वेगळ्या गडद बाटल्यांत ठेवा आणि वापरायच्या वेळी मंद पिवळ्या उजेडात सारख्या मापानं मिसळा. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातली भांडी घेऊ नका आणि फेरिसायनाइडजवळ कुठलंही ॲसिड आणू नका. टीशर्ट शंभर टक्के सुती हवा, आधी धुऊन त्यातली खळ काढलेला. मिश्रण ब्रशनं लावलं की कापड पोपटी-पिवळं दिसतं. अंधारात वाळवा. मग वर काळं चित्र छापलेली पारदर्शक फिल्म किंवा कापलेला कागद ठेवून काच दाबा आणि उन्हात न्या.

भर दुपारी गच्चीवर दहा-पंधरा मिनिटांत पिवळा रंग आधी हिरवट, मग निळसर आणि शेवटी राखाडी-काशाच्या रंगाचा होतो. तो काशाचा झालेला दिसला की उचलायचं. नुसता निळा दिसतोय तोवर अर्धकच्चा असतो. साध्या पाण्यात पिवळं पाणी निघायचं थांबेपर्यंत खळबळून घ्यायचं. जिथे ऊन लागलं तिथे प्रशियन निळा, जिथे झाकलं तिथे पांढरं. दुसऱ्या दिवशी हवेनं तो निळा आणखी गडद होतो. पाणी शक्यतो नळाचं घ्या, बोअरच्या जड पाण्यानं रंग फिका पडू शकतो.

आणि यात क्वांटम कुठे आहे? चित्रात नसलं तरी चालेल, रंगातच आहे. लाल दिव्याखाली ते कापड कितीही वेळ ठेवा, निळं व्हायचं नाही; उन्हातल्या अतिनील किरणांनी मिनिटांत होतं. प्रकाश सुट्या दाण्यांनी, म्हणजे पुंजांनी येतो. लाल प्रकाशाच्या एका पुंजाची ऊर्जा साधारण १.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट, ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील पुंजाची ३.४. लोहाच्या संयुगात बदल घडवायला एकेका पुंजात पुरेशी ऊर्जा लागते, लहान पुंजांची गर्दी करून भागत नाही. हे आइनस्टाइननं १९०५ मध्ये मांडलं, आणि प्रकाशविद्युत परिणामाचं (प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन निघतात त्याचं) त्याचं स्पष्टीकरण त्यावरच उभं आहे. मी टीशर्टसोबत त्याच मिश्रणात बुडवलेले दोन चिंधीचे तुकडे देते, एक लाल दिव्याखालचा आणि एक उन्हातला, दोन्ही धुतलेले. या दोन चिंध्या सगळ्या भाषणाचं काम करतात.

धुण्याची चिठ्ठी मात्र गळ्यालाच शिवा. धुण्याचा सोडा, ब्लीच आणि तीव्र पावडर यांनी प्रशियन निळा पिवळट-तपकिरी होऊन जातो. सौम्य लिक्विड, गार पाणी, सावलीत वाळवणं. हे तोंडी सांगून उपयोग नसतो, कारण टीशर्ट घेणारा वेगळा आणि धुणारी आई वेगळी. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नसतो, तेव्हा जूनपासून पुढे यूव्ही ट्यूबचं खोकं लागतंच.

स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीतून रंग दाबून छापणं, शिकायला क्लास शोधू नका. आपलं नाशिक छपाईचं गाव आहे, नाशिकरोडला नोटा छापतात. पण तुमच्या कामाचा माणूस म्हणजे लग्नपत्रिका छापणारा. सीझन नसताना त्याच्याकडे जा, फ्रेम धुवा, कोटिंग बघा, आणि परवानगी मिळाली की स्क्वीजीचे (रंग ओढायच्या रबरी पट्टीचे) हात मारा. जाळी किती ताणायची आणि दाब किती द्यायचा हे बघून कळत नाही, मनगटाला कळावं लागतं. कागदावरची बारीक जाळी कापडाला चालत नाही, थोडी जाड घ्यावी लागते, एवढा फरक. गडद टीशर्टवर खाली खादीचा, म्हणजे दाट अपारदर्शक रंगाचा, पांढरा थर द्यावा लागतो. हायड्रोजन देतो त्या प्रकाशातल्या दृश्य रेषा, ६५६, ४८६, ४३४ आणि ४१० नॅनोमीटरच्या, काळ्या कापडावर खादीशिवाय मारल्या तर लाल तेवढी दिसेल, जांभळ्या दोन्ही गडप. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाण्याचा रंग जाळीतच वाळतो, म्हणून भल्या पहाटे काम उरका.

प्लेन टीशर्ट १८० जीएसएमचे (चौरस मीटरला १८० ग्रॅम), बायोवॉश केलेले, म्हणजे कापडावरची लव काढून मऊ केलेले घ्या. तिरुपूरचा माल चांगला मिळतो, पण आधी चार नग मागवून धुऊन बघा, मग गठ्ठा. रंगपंचमीच्या आधी रहाडीत (नाशिकच्या रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदात) धप्पा मारायला, म्हणजे उडी घ्यायला म्हणून स्वस्त पांढरे टीशर्ट मागणारे येतात, त्यांना मी सरळ मेन रोडला पाठवते. दुसरे पाठवून देण्याचे लोक म्हणजे 'क्वांटम एनर्जी'वाले. चक्र, स्पंदनं आणि मध्ये ऑर्बिटल, अशी मोठी ऑर्डर आली तरी मी घेत नाही. पैसे मिळतात, पण नंतर फिजिक्सवाला तुमच्या स्टॉलकडे फिरकत नाही, आणि कायमचा गिऱ्हाईक तोच असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची) सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. जीएसटीचं एकदा सीएला विचारून घ्या, विशेषतः राज्याबाहेर ऑनलाइन विकणार असाल तर. समीकरणावर कुणाची मालकी नसते. शास्त्रज्ञांच्या फोटोंवर असू शकते, ते नेटवरून उचलू नका. सत्येंद्रनाथ बोस यांच्यावर काही करायचं असेल तर चेहऱ्याऐवजी १९२४ सालची त्यांची मोजणी घ्या, दोन सारखे कण दोन खोक्यांत ठेवायच्या रीती चार नसून तीनच. दोन बटणं आणि दोन खिसे असलेला टीशर्ट त्यातून सहज सुचतो. किंमत ठरवताना आपले तास धरा. नवे लोक कापड आणि रंगच धरतात आणि दिवाळीपर्यंत कंटाळतात.

विक्रीला २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन सोडू नका. कॉलेजच्या प्रदर्शनात टेबल मिळालं तर टीशर्टांशेजारी जुनी सीडी आणि पेटलेला सीएफएल दिवा ठेवा. सीडी तिरपी धरली की त्या पांढऱ्या उजेडातून सुट्या रेषा निघतात, हिरवी तर अगदी धारदार. शेजारी एलईडी लावला तर अखंड पट्टा. हे बघितलेला माणूस रेषांच्या टीशर्टजवळ आपणहून येतो. सीएफएल आता दुकानात सहसा मिळत नाही, घराच्या माळ्यावर शोधा. जपून आणा, आत पारा असतो.